नव्या संचात बॅटमॅन

‘बॅटमॅन फॉरेव्हर’ (१९९५) हा सिनेमा कपडे घालण्यापासून सुरू होतो. गुहेतला अंधार, आणि त्यात सूटचे सुटे भाग. हातमोजे, कमरेचा पट्टा, केप. महागड्या फोनच्या जाहिरातीत फोन जसा तुकड्यातुकड्यांनी दाखवतात तसं सगळं कॅमेऱ्यासमोर येतं. मग मुखवटा चढवलेला माणूस गाडीपाशी येतो. म्हातारा आल्फ्रेड विचारतो, सोबत सँडविच देऊ का? तो म्हणतो, वाटेत ड्राइव्ह-थ्रूवर काहीतरी घेईन. गाडी सुसाट. हा विनोद मॅकडॉनल्ड्सच्या जाहिरातीतही वापरला गेला, यावरून तो कुणाच्या सोयीसाठी लिहिला असेल याचा अंदाज करायला हरकत नाही.

मुखवट्याखालचा माणूस बदललाय हे प्रेक्षकाला थिएटरात शिरण्याआधीच ठाऊक असतं, कारण पोस्टरवर नाव आहे. पण त्याचा अख्खा चेहरा बघायला थांबावं लागतं. आधी सूट, आधी गाडी, आधी मारामारी. मग केव्हातरी ब्रूस वेन स्वतःच्या कंपनीत फेरी मारताना दिसतो आणि तो व्हॅल किल्मर असतो. कुणी काही बोलत नाही. मालक बदललाय हे अख्ख्या गॉथम शहरात एकालाही जाणवत नाही.

आता त्याच्या तीनच वर्षं आधीचा ‘बॅटमॅन रिटर्न्स’ आठवा. शहरात दंगा उसळलाय, आकाशात वटवाघळाचा सिग्नल पेटलाय, आणि ब्रूस वेन आपल्या हवेलीत काळोखात नुसता बसलाय. वाचत नाही, पीत नाही, कुणाची वाट बघतोय असंही नाही. कोणीतरी स्विच बंद करून ठेवल्यासारखा बसलाय. सिग्नलचा उजेड खिडकीतून आत येऊन त्याच्यावर पडतो आणि तो उठतो. हा मायकेल कीटन. इथे आधी चेहरा आहे, सूट नंतर. या एका प्रसंगात टिम बर्टनने सांगून टाकलंय की सूट नसतो तेव्हा हा माणूस जवळपास नसतोच.

दोन सिनेमे, एकच मालिका, एकच पात्र. आल्फ्रेड दोन्हींकडे मायकेल गॉफच, कमिशनर गॉर्डन दोन्हींकडे पॅट हिंगलच. म्हणजे ही नवी सुरुवात नव्हे. २००५मध्ये ख्रिस्टोफर नोलनने क्रिश्चन बेलला घेऊन जे केलं ते वेगळं, तिथे सगळी पाटीच पुसली होती. इथे घर तेच, नोकर तोच, पोलीस तोच, फक्त मधला माणूस उचलून दुसरा ठेवलाय. माझं म्हणणं असं की नट बदलला म्हणून ‘फॉरेव्हर’ फसला नाही. नट बदलल्याचं आपण काही वाटून घ्यायचं नाही, असं त्याने ठरवलं म्हणून फसला.

कीटन गेला कसा, ते पटकन सांगून टाकतो. १९८९च्या पहिल्या ‘बॅटमॅन’साठी त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा कॉमिक्सच्या चाहत्यांनी वॉर्नर ब्रदर्सला हजारो निषेधाची पत्रं पाठवली होती. ‘मिस्टर मॉम’ आणि ‘बीटलज्यूस’मधला विनोदी नट, उंची बेताची, हनुवटी बेताची, हा कसला बॅटमॅन? सिनेमा आला, जगभरात चाळीस कोटी डॉलरच्या वर कमावून गेला आणि पत्रं लिहिणारे गप्प झाले. मग आला ‘रिटर्न्स’. त्याने साधारण सव्वीस-सत्तावीस कोटी कमावले. आपल्याला हा आकडा मोठा वाटतो, स्टुडिओला तो उतरंडीसारखा दिसला. त्यात डॅनी डेव्हिटोचा पेंग्विन कच्चा मासा खातोय, तोंडातून काळं काहीतरी गळतंय, आणि दुसरीकडे याच सिनेमाची खेळणी मॅकडॉनल्ड्सच्या हॅपी मीलमध्ये. पालक चिडले. बर्टनला निर्मात्याच्या खुर्चीत सरकवून दिग्दर्शन जोएल शूमाखरकडे दिलं गेलं. शूमाखरला सगळं रंगीत आणि हलकंफुलकं हवं होतं. २०२२च्या एका पॉडकास्टमध्ये कीटनने सांगितलंय की, हे सगळं इतकं अंधारलेलं कशाला हवं, असं शूमाखरने विचारलं तेव्हाच आपलं इथे जमणार नाही हे त्याला कळलं. या मुलाच्या आईवडिलांना त्याच्यासमोर गोळ्या घातल्यात हे ज्याला नव्याने समजावून सांगावं लागतं, त्याच्याबरोबर काय काम करणार? कीटन बाहेर पडला.

कीटनने नक्की केलं काय होतं, हे मात्र सावकाश बघण्यासारखं आहे. कारण गेलं ते तेच. पहिल्या सिनेमात ब्रूस व्हिकी व्हेलला घरी जेवायला बोलावतो. टेबल एवढं लांब की मीठ मागायला ओरडावं लागेल. व्हिकी विचारते, तुला ही खोली आवडते? तो इकडेतिकडे बघतो आणि म्हणतो की या खोलीत आपण याआधी कधी आलोय असं वाटत नाही. स्वतःच्या घरात पाहुणा असलेला माणूस! त्या रात्री व्हिकीला जाग येते तर हा पठ्ठ्या वटवाघळासारखा उलटा लटकून हेलकावे घेतोय. पुढे तो तिला आपलं गुपित सांगायला तिच्या घरी जातो. शब्द जुळवतो, अडखळतो, पुन्हा सुरुवात करतो, आणि सांगायचं राहूनच जातं. मी बॅटमॅन आहे, हे वाक्य गुंडाला गच्चीवरून लोंबकळत ठेवून तो सहज म्हणू शकतो. आवडत्या बाईसमोर ते तोंडातून फुटत नाही.

‘रिटर्न्स’मध्ये हेच आणखी पुढे जातं. तिथल्या नाचाच्या पार्टीत झाडून सगळे मुखवटे घालून आलेत आणि फक्त दोघं जण उघड्या चेहऱ्याने आलेत, ब्रूस आणि सेलिना. ज्यांचे खरे चेहरे मुखवटेच आहेत त्यांना पार्टीसाठी वेगळा मुखवटा लागत नाही. आणि शेवटी तिला थांबवण्यासाठी तो तिच्यासमोर स्वतःचा मुखवटा फाडून काढतो. काढत नाही, फाडतो. कॉमिक-बुक सिनेमांच्या इतिहासात मुखवटा इतक्या असहायपणे उतरलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

म्हणजे कीटनचा ब्रूस हा सूटमधल्या हाडामांसापुरता नव्हता. दोन सिनेमे चाललेलं ते एक दुखणं होतं. व्हिकी सोडून गेली, सेलिना गेली, आईवडिलांच्या खुन्याला त्याने संपवलं आणि तरी बरं वाटलं नाही. हे सगळं घेऊन तो माणूस तिसऱ्या सिनेमाच्या दारात उभा होता. आणि दार उघडलं तर दुसराच कोणीतरी बाहेर आला, गोरागोमटा, मजबूत जबड्याचा, रात्रभर छान झोप लागलेला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे माणूस सोडून जाताना त्याने नव्या माणसाला ‘केटी’ द्यायची असते, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. (इंजिनिअरिंगला असताना केटी लागणे म्हणजे विषय राहणे. नोकरी लागल्यावर अर्थ बदलतो, भीती तेवढीच राहते.) जाणारा शेवटच्या दोन आठवड्यांत कागदपत्रं उघडून दाखवतो. हा सर्व्हर, हा पासवर्ड, हे असं चालतं, हे बिघडलं तर याला फोन कर. सगळं सांगून होतं, एक गोष्ट सोडून. हे असं का केलंय? त्या विचित्र ओळीमागे तीन वर्षांपूर्वीची एक रात्र असते, कुठलंतरी काहीतरी कोसळलेलं असतं आणि कोणीतरी घाम पुसत ती ओळ लिहिलेली असते. ते कागदात उतरत नाही. नवा माणूस हुशार असला तर ती ओळ निरुपयोगी समजून काढून टाकतो.

आमच्या धंद्यात आणखी एक लाडकी कल्पना आहे. इंटरफेस वेगळा, इम्प्लिमेंटेशन वेगळं. भिंतीतल्या सॉकेटमध्ये प्लग बसला की झालं; वीज कोयनेहून येते की चंद्रपूरहून, याच्याशी मिक्सरला देणंघेणं नसतं. स्टुडिओने बॅटमॅनचा इंटरफेस लिहून ठेवला होता: टोकदार कान, केप, गाडी, गुहा, खर्जातला आवाज. हे सगळं पुरवणारा कुणीही चालेल. अभियंता म्हणून मला यात काही चूक दिसत नाही. प्रेक्षक म्हणून दिसते, कारण मला आवडलेलं सगळं इम्प्लिमेंटेशनमध्ये होतं.

किल्मरवर मात्र अन्याय नको. तो पाट्या टाकणारा नट नव्हता. ‘द डोअर्स’मधला त्याचा जिम मॉरिसन आणि ‘टूम्बस्टोन’मधला खोकून खोकून हसणारा डॉक हॉलिडे ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सांगावं लागत नाही. आणि ‘फॉरेव्हर’मध्येही दोन जागा अशा आहेत जिथे तो अचानक त्या जुन्या ब्रूसच्या अगदी जवळ जाऊन पोचतो.

पहिली सर्कशीतली. टू-फेस बाँब घेऊन येतो आणि धमकी देतो की बॅटमॅन इथेच कुठेतरी असणार, तो पुढे आला नाही तर सगळे मरतील. प्रेक्षकांत बसलेला ब्रूस उभा राहतो आणि ओरडून सांगतो की मीच बॅटमॅन आहे. गोंगाटात कुणालाही ऐकू जात नाही. जे वाक्य कीटनच्या तोंडून एका बाईसमोर निघालं नाही, ते किल्मर हजार लोकांत बेंबीच्या देठापासून ओरडतो आणि ते वाया जातं. दोन नटांनी मिळून एकाच माणसाची शोकांतिका पुरी करावी तसं हे आहे. पटकथेत हे जाणूनबुजून केलं असेल असं मला वाटत नाही. पण पडद्यावर आहे.

दुसरी जागा याहून मोलाची. सर्कशीत आईवडील आणि भाऊ गमावलेला डिक ग्रेसन सूडाने पेटलाय. ब्रूस त्याला समजावतो. त्याचं सांगणं साधारण असं: तू त्याला मारशील, पण दुःख त्याच्याबरोबर मरणार नाही. मग तू रात्री दुसरा चेहरा शोधत बाहेर पडशील, मग तिसरा, आणि एक दिवस उठशील तेव्हा सूड हेच तुझं आयुष्य झालेलं असेल. किल्मर हे आवाज न चढवता बोलतो. आता प्रश्न असा की याला हे कुठून कळलं? किल्मरच्या ब्रूसने या सिनेमात तोवर कुणावर सूड उगवलेला नाही. सूड उगवला होता कीटनने, १९८९मध्ये, चर्चच्या मनोऱ्यावर, जोकरवर. एका नटाने केलेल्या कृत्याचा पश्चात्ताप दुसरा नट करतोय. इथे दोन-तीन मिनिटं मला चेहरा बदलल्याचं जाणवतच नाही, कारण आठवण बदललेली नाही. अशी केटी मिळाली असती तर किल्मरने काय केलं असतं, हे कल्पून हळहळ वाटते.

पण सिनेमाला हे पेलवत नाही. शेवटाकडे हाच ब्रूस मूठभर नाणी उधळून टू-फेसला खोल खाईत पाडतो, तो मरतो, आणि कुणाच्याही चेहऱ्यावरची रेष हलत नाही. मधल्या काळात नायिका चेस मेरिडियन, म्हणजे निकोल किडमन, गच्चीवर बॅटमॅनला लाडे लाडे विचारते की तुला काय चामड्यासारखा तंग पोशाख आणि चाबूक लागतो का? कॅटवुमनचा एवढाच उल्लेख. जिच्यासाठी त्याने मुखवटा फाडला होता ती बाई एका चावट कोटीत उरकली. आधीचं सगळं आठवत असल्याची ही खूण, आणि त्याचं काही वाटत नसल्याचीही.

किल्मरला स्वतःला काय वाटत होतं ते त्याने नंतर सांगितलंय, आणि मला ते सिनेमाहून जास्त हलवून गेलं. सूटमध्ये त्याला नीट ऐकू यायचं नाही, एकट्याने उठबस करता यायची नाही. थोड्या दिवसांनी लोकांनी त्याच्याशी बोलणंच सोडलं. अभिनय म्हणजे सांगितलेल्या जागी जाऊन उभं राहणं, एवढाच उरला. २०२०मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला दिलेल्या मुलाखतीत त्याने एक किस्सा सांगितला. एकदा सेटवर उद्योगपती वॉरन बफे आपल्या नातवंडांना घेऊन आले. किल्मर पोशाखात थांबून राहिला. मुलांना त्याच्याशी बोलण्यात काडीचा रस नव्हता. त्यांना मुखवटा घालून बघायचा होता, गाडीत बसायचं होतं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हे सगळं बॅटमॅन नावाच्या कुणा माणसाबद्दल नाहीच, म्हणून तर इतके बॅटमॅन सहज होऊ शकतात.

मुलांचं बरोबर होतं. मीही लहान असतो तर गाडीतच बसलो असतो. पण सिनेमा बनवणाऱ्यांनी मुलांसारखा विचार केला, आणि तोही फक्त खेळण्यांच्या दुकानात उभ्या असलेल्या मुलांसारखा.

हिशेब मात्र चोख जुळला. पहिल्या आठवड्याअखेरच्या कमाईचा अमेरिकेतला तोवरचा विक्रम ‘फॉरेव्हर’ने मोडला. जगभरात सुमारे तेहतीस-चौतीस कोटी डॉलर, म्हणजे ‘रिटर्न्स’पेक्षा कितीतरी जास्त. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या टेस्ट पास. फक्त टेस्ट तेच तपासते जे तपासायचं आपल्याला सुचलेलं असतं. नट बदलून चालतं हे सिद्ध झाल्यावर दोनच वर्षांत पुन्हा बदलला. किल्मर शूमाखरशी भांडून ‘द सेंट’कडे गेला आणि १९९७च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’मध्ये जॉर्ज क्लूनी आला, जो त्या भूमिकेबद्दल अजून दिसेल त्याची माफी मागत असतो. कमाई चोवीस कोटींच्या आसपास घसरली आणि पुढची आठ वर्षं पडद्यावर बॅटमॅनचा सिनेमा आला नाही.

अदलाबदलीच्या या खेळात कुणाची खुर्ची आधी जाते, तेही बघायला हवं. १९८९च्या सिनेमात सरकारी वकील हार्वी डेंट हा बिली डी विल्यम्सने केला होता. भूमिका चिमूटभर. पण कॉमिक्स वाचणाऱ्यांना माहीत असतं की हार्वीचा पुढे टू-फेस होतो, आणि त्या आशेवरच त्याने ती घेतली होती. ‘फॉरेव्हर’मध्ये टू-फेस आला तेव्हा तो टॉमी ली जोन्स होता. कृष्णवर्णीय नटाने बी पेरलं, पीक दुसऱ्याने कापलं. रॉबिनचंही तेच. ‘रिटर्न्स’साठी मार्लन वेयन्सला रॉबिन म्हणून करारबद्ध केलं होतं, मग पात्र गाळलं गेलं, आणि ‘फॉरेव्हर’मध्ये रॉबिन आला तो क्रिस ओडॉनेल. कीटनच्या जाण्याबद्दल लोक तीस वर्षं हळहळतायत. या दोघांची आठवण प्रश्नमंजूषेतल्या प्रश्नापुरती. विल्यम्सला टू-फेस मिळाला, पण २०१७मध्ये, ‘द लेगो बॅटमॅन मूव्ही’त, फक्त आवाज म्हणून. प्लास्टिकच्या बाहुल्याला.

नट बदलणं हे मुळातच पाप आहे असं मराठी माणसाने तरी म्हणू नये. आपल्या रंगभूमीवर ‘रिप्लेसमेंट’ हा रोजचा शब्द आहे. १९७०च्या ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर आधी डॉ. श्रीराम लागूंचे, मग दत्ता भटांचे, सतीश दुभाषींचे, यशवंत दत्तांचे. अमक्याचा बघितलास का तमक्याचा, यावर जुनी माणसं अजून तावातावाने बोलतात. कारण नाटक काही लपवत नाही. जाहिरातीतच छापतात, ‘नव्या संचात’. प्रेक्षक ते वाचून तिकीट काढतो, मनातल्या मनात आधीच्याशी तुलना करतो, आणि नव्या नटालाही ठाऊक असतं की समोरचे लोक तुलना करतायत. तो त्या सावलीशी भांडतो. त्या भांडणातून कधी कधी वेगळाच गणपतराव हाती लागतो. सिनेमाला ही सावली नको असते. आधीचा नट कधी नव्हताच अशा थाटात तो नव्याला उभा करतो, आणि नव्याला भांडायला कोणी उरत नाही.

म्हणूनच मला ‘आयर्न मॅन २’ (२०१०) मधली लबाडी आवडते. पहिल्या भागातल्या टेरेन्स हॉवर्डच्या जागी डॉन चीडल आला, आणि त्याच्या तोंडी पहिलंच वाक्य अशा अर्थाचं आहे की मी आलोय, घ्या चालवून, पुढे सरका. मित्राला उद्देशून म्हटलेलं, पण बघतोय आपल्याकडे. दोन सेकंदांत ‘नव्या संचात’ची पाटी लावली. हल्कच्या बाबतीत हे धाडस झालं नाही. २००८च्या ‘द इन्क्रेडिबल हल्क’चा नायक एडवर्ड नॉर्टन होता, २०१२च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये मार्क रफेलो. मार्व्हलने जाहीर निवेदन काढून सांगितलं की आपल्याला इतरांशी मिळून-मिसळून काम करणारा नट हवा. (ऑफिसात ‘टीम प्लेयर नाही’ हा शेरा कुणाला मिळतो ते आठवून बघा. बहुतेकदा ज्याला पटकथेत रस असतो त्याला.) तरी रफेलो जमून गेला, कारण त्याने आल्याआल्या थकलेला, ओशाळलेला, इतरांपासून दोन पावलं लांब उभा राहणारा ब्रूस बॅनर केला. बऱ्याच वेळा बरंच काही मोडून झालेला माणूस. नॉर्टनने काय काय मोडलं होतं ते त्याच्या अंगावर दिसतं.

आणि मग टिचाला. चॅडविक बोसमन २८ ऑगस्ट २०२० रोजी गेला, ४३ व्या वर्षी, कॅन्सरने. त्याच वर्षी मार्व्हलने जाहीर केलं की ‘ब्लॅक पँथर’च्या पुढच्या भागात टिचाला दुसरा कोणी करणार नाही. नट आणि पात्र एकत्रच गेले. ‘वाकांडा फॉरेव्हर’ (२०२२) सुरू होतो तो पडद्याआड मरणाऱ्या भावाला वाचवू न शकलेल्या बहिणीपासून. त्यानंतर मार्व्हलचं नेहमीचं बोधचिन्ह येतं, संगीताशिवाय, त्यात फक्त बोसमन. थिएटरात पॉपकॉर्नचे आवाज थांबलेले मी तेव्हा ऐकले.

पण भूमिका पुन्हा भरा, अशी मोहीम चालवणारेही होते, आणि त्यांना भावनाशून्य म्हणून निकालात काढणं मला पटत नाही. त्यांचा प्रश्न सरळ होता. बॅटमॅनला किती चेहरे मिळाले? सुपरमॅनला, स्पायडरमॅनला? आणि आफ्रिकेतल्या या राजाला चार सिनेमे, त्यातला एकच त्याच्या नावाचा. गोऱ्या नायकाचा नट गेला की पात्र उरतं, काळ्या नायकाचा नट गेला की पात्रही पुरायचं? बिली डी विल्यम्सची गोष्ट माहीत असेल तर हा प्रश्न आणखी बोचतो. माझ्यापुरतं सांगायचं तर रायन कूगलरने त्या सिनेमापुरतं बरोबर केलं. पडद्यावरच्या माणसांचं रडणं खरं होतं, आणि दोन वर्षांत त्यांच्यामध्ये नवा टिचाला आणून उभा केला असता तर ती बफेंच्या नातवंडांचीच गोष्ट झाली असती. पण कायमचं नाही? ते मला पटलं नसतं. कूगलरलाही बहुधा पटलं नसावं. सिनेमाच्या शेवटी एक लहान मुलगा भेटतो, टिचालाचा मुलगा, आणि त्याचं वाकांडातलं नाव टिचालाच आहे. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात त्यातलाच हा प्रकार. नाव पुढे गेलं, आणि गेलेला माणूस गेलाय हेही कुणी नाकारलं नाही.

याच्या उलट टोकाला २०२३चा ‘द फ्लॅश’. यात कीटन परत आला, सत्तरी ओलांडलेला, केस वाढवून रिकाम्या हवेलीत एकटा राहणारा ब्रूस म्हणून. पहिली काही मिनिटं मी हरखलो होतो. कच्ची स्पॅगेटी हातात घेऊन तो काळाचे फाटे समजावतो, तेव्हा त्या चुकार डोळ्यांत तो जुना माणूस खरंच सापडतो. मग त्याला सूट घालतात, त्याची जुनी वाक्यं त्याच्याचकडून म्हणवून घेतात, आणि हा परत आलाय तो माणूस म्हणून नव्हे, खूणगाठ म्हणून, हे लक्षात येतं. सिनेमाच्या शेवटी गाडीतून ब्रूस वेन उतरतो आणि तो असतो जॉर्ज क्लूनी. लोक खो खो हसले. मीही हसलो. १९९५मध्ये जे लपवलं होतं तेच आता चुटका म्हणून विकायला काढलं होतं. त्याच सिनेमात २००४मध्ये वारलेल्या ख्रिस्टोफर रीव्हचा सुपरमॅन संगणकाने बनवून उभा केलाय. नट बदलायचा नाही म्हणजे काय करता येतं, याचं इतकं थंडगार उदाहरण दुसरं नाही. त्या मेणासारख्या चेहऱ्यापेक्षा कुणीतरी नवा, घाबरलेला, घाम आलेला नट मला केव्हाही चालेल.

किल्मर १ एप्रिल २०२५ रोजी गेला. घशाच्या कॅन्सरने त्याचा आवाज बराच आधी नेला होता. २०२१मध्ये त्याच्यावर ‘व्हॅल’ नावाचा माहितीपट आला, त्याने स्वतः आयुष्यभर काढलेल्या व्हिडिओंतून जुळवलेला. त्यातलं निवेदन ‘मी’ असं प्रथमपुरुषी आहे, शब्द किल्मरचेच आहेत, पण वाचलेत त्याच्या मुलाने, जॅकने. बापाच्या जागी मुलगा बोलतो, आणि मध्ये मध्ये पडद्यावर बाप गळ्यावरच्या भोकावर बोट ठेवून खरखरीत दोन वाक्यं स्वतः बोलतो. दोन्ही आवाज शेजारी शेजारी ठेवलेत. ‘फॉरेव्हर’चा भाग येतो तेव्हा सूटमध्ये ऐकू येत नव्हतं, कुणी बोलायला येत नव्हतं, हे सगळं मुलाच्या तरण्या आवाजात ऐकू येतं. हे चित्रण झालं तेव्हा जॅकचा जन्मही झालेला नव्हता.